स्वतःच्या पायांवर : पंडिता रमाबाई

कल्याण स्थानकावर दिवसभर गाड्यांची ये-जा चालू असते. काही गाड्या कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे जातात, तर काही कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याला जातात. पुण्याच्या पुढे दौंडच्या वाटेवर केडगाव नावाचे एक लहान स्थानक लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी या स्थानकावर शेकडो मुली उतरल्या. त्यांच्या अंगावर फाटके कपडे होते. भुकेने त्यांचे चेहरे सुकून गेले होते. दुष्काळाने कोणाचे आईवडील नेले होते, कोणाचे सारे घरच नेले होते. पुढे याच मुलींपैकी कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका झाल्या, कोणी छापखान्यात काम करू लागल्या. हे ज्यांच्यामुळे घडले, त्या पंडिता रमाबाईंचे हे चरित्र आहे.

ज्याच्या डोक्यावर आईवडिलांचे छत्र नाही, त्याला आपण उर्दूत यतीम म्हणतो. मराठीत त्याला अनाथ म्हणतात. आपला यतीमखाना म्हणजे मराठीतला अनाथाश्रम. अनाथ मुलाला दोन वेळचे जेवण आणि झोपायला जागा मिळाली, की काम संपले असे पुष्कळांना वाटते. पण ते मूल एक दिवस मोठे होते. त्याला आश्रमाचे दार ओलांडून बाहेर पडावे लागते. त्या दिवशी त्याच्या हातात काय असते, हा खरा प्रश्न आहे. रमाबाईंना हा प्रश्न कोणी शिकवला नव्हता. तो त्यांनी स्वतः भोगला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्या काळी स्त्रियांनी संस्कृत शिकणे लोकांना पसंत नव्हते. तरीही अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लोकांचा विरोध त्यांनी सहन केला, पण आपला हट्ट सोडला नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी लहानग्या रमेला शिकवले. पहाटे अंधारातच आई मुलीला जवळ घेऊन बसे आणि श्लोक म्हणून घेई. रमा जेमतेम बारा वर्षांची होईपर्यंत तिला हजारो श्लोक तोंडपाठ झाले होते.

हे कुटुंब एका गावी स्थिर राहिले नाही. तीर्थक्षेत्री जावे, देवळात पुराण सांगावे आणि लोक जे देतील त्यावर गुजराण करावी, असे त्यांचे जीवन होते. पाऊसपाणी चांगले होते तोवर हे चालले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांनाच खायला मिळेना, तर पुराण कोण ऐकणार? जवळचे पैसे संपले. दागिने आणि भांडी विकली गेली. शेवटी रानातली झाडांची पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. त्यांच्या पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या आणि मग थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास, दोघेच मागे उरले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ही बहीणभावंडे अडाणी नव्हती. त्या वयात त्यांच्याइतके संस्कृत जाणणारे फार थोडे असतील. पण पोट भरण्यासाठी करता येईल असे एकही काम त्यांना येत नव्हते. मजुरी करण्याची लाज वाटत होती आणि भीक मागणे जिवावर येत होते. विद्या होती, पण ती भाकर मिळवून देत नव्हती. दोघे पायी चालत राहिले. दक्षिणेकडून उत्तरेकडे, पार काश्मीरपर्यंत हजारो मैल त्यांनी तुडवले. थंडीत अंगावर पांघरूण नसे. अशा वेळी नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून ती दोघे त्यात निजत आणि ऊब यावी म्हणून अंगावर कोरडी वाळू ओढून घेत. हे दिवस रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीचे ज्ञान पाहिले आणि ते थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. रमाबाईंचे नाव देशभर झाले. पण सुख फार काळ टिकले नाही. १८८० साली श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. दोघांची जात वेगळी होती, म्हणून नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ मध्ये त्यांना मनोरमा नावाची मुलगी झाली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीच्या रोगाने बिपिन बिहारींचे निधन झाले. चोवीस वर्षे पुरी होण्याआधीच रमाबाई विधवा झाल्या. मांडीवर तान्हे मूल होते.

त्या काळी विधवा स्त्रीचे जिणे फार कठीण होते. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींत तर लहान वयात लग्न झालेली आणि लहानपणीच विधवा झालेली मुलगी घरातल्या घरात अनाथ होऊन जाई. तिला शिकू देत नसत आणि पुन्हा लग्नही करू देत नसत. घरातली कष्टाची कामे तिने करायची आणि बोलणी ऐकायची. घर होते, पण आधार नव्हता. रमाबाई १८८२ मध्ये पुण्याला आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर आयोग नेमला होता. रमाबाईंनी आयोगापुढे साक्ष दिली. या देशाला स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हवे आहेत, ही त्यांची मागणी होती. स्त्रियांनी शिकावे एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. शिकून त्यांना मानाचे काम मिळावे, हेही त्या सांगत होत्या.

१८८३ साली रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतःही शिक्षण घेतले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. त्याचे कारण आपल्याला जवळचे वाटेल असे आहे. कल्याणच्या माहेरच्या आनंदीबाई जोशी त्या वर्षी फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर होणार होत्या. त्यांच्या पदवीदान समारंभाला रमाबाई आवर्जून हजर राहिल्या. कल्याणची एक मुलगी सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर झाली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी आनंदीबाईंचे निधन झाले.

अमेरिकेत रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांनी बालशिक्षणाची नवी पद्धत शिकून घेतली. लहान मुले हाताने वस्तू करता करता कशी शिकतात, हे त्यांनी शाळाशाळांत जाऊन पाहिले. १८८७ मध्ये त्यांचे भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी लोकांना आपल्या कामाची माहिती दिली. बोस्टन शहरात त्यांच्या मदतीसाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्या मंडळाने दहा वर्षे पैसे पाठवण्याचे वचन दिले.

मायदेशी परतताच रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. सदन म्हणजे घर. ही विधवा मुलींसाठी शाळाही होती आणि घरही होते. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये कोकणातली गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. तिचे लग्न वयाच्या आठव्या वर्षी झाले आणि लगेच ती विधवाही झाली. सदनात ती लिहावाचायला शिकली. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईची आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले, तेव्हा या बाईंनी त्यांना मोलाची साथ दिली. एका घरातून बाहेर पडलेली मुलगी दुसरे घर उभे करायला निघाली.

१८९० मध्ये शारदा सदन पुण्याला गेले. तेथे मात्र वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या होत्या. सदन मुलींना ख्रिस्ती करीत आहे, असा आरोप वर्तमानपत्रांतून झाला. आपल्या मुलींचा धर्म बदलेल, ही पालकांची काळजी होती. आपल्या प्रार्थनेचे दार आपण कोणाला बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे दूर झाली. अनेक पालकांनी आपल्या मुली घरी नेल्या. या वादात कोणाची बाजू बरोबर, यावर आजही मतभेद आहेत. पण ज्यांना परत जायला घरच नव्हते, अशा मुली सदनातच राहिल्या. रमाबाईंनी त्यांना सोडले नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याच्या कडेला हाडांचे सापळे झालेली मुले त्यांनी पाहिली. निराधार मुलींना भुलवून नेणारी वाईट माणसे तेथे फिरत होती, हेही त्यांनी पाहिले. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. पण त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ आली. एवढ्या मुलींना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर त्यांनी तंबू आणि झोपड्या उभारल्या. या वसाहतीला मुक्ती असे नाव मिळाले. मुक्ती म्हणजे सुटका, ज्याला आपण उर्दूत नजात म्हणतो. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला. त्यानंतर मुक्तीतील मुली आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

दोन हजार माणसांना रोज जेवू घालणे ही लहान गोष्ट नाही. पण रमाबाईंनी त्याहून कठीण काम हाती घेतले. येथे आलेल्या प्रत्येक मुलीने काही तरी शिकलेच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. मुलीला लिहावाचायला शिकवायचे आणि त्याबरोबर हाताला एक कामही शिकवायचे. कोणी हातमागावर कापड विणी, कोणी शिवणकाम करी. कोणी तेलाच्या घाण्यावर काम करी, कोणी गाईम्हशींचा गोठा सांभाळी. मळ्यात भाजी आणि फळे पिकत. स्वयंपाक, धुणे, रुग्णांची शुश्रूषा ही कामेही मुली शिकत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई, आणि टोपल्या विणण्याचे कामही. मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता. तेथे मुली एकेक खिळा जुळवून पुस्तके छापत आणि बांधत. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे याच मुलींच्या हातांनी जुळवले गेले. ज्या देशात बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती, तेथे खेड्यातल्या अनाथ मुली छापखाना चालवत होत्या.

सगळ्या मुलींना एकच काम दिले जात नसे. जिला पुस्तकाची गोडी असे, ती शिक्षिका होण्यासाठी शिकत राही. जिला अभ्यास जमत नसे, तिला कमी लेखले जात नसे. तिला शेतात, गोठ्यात किंवा मागावर काम मिळे. शारदा सदनात आधी शिकलेल्या स्त्रिया येथे नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळ करणाऱ्या बनल्या. जिने कालपर्यंत आधार घेतला, ती आज आधार देऊ लागली. शिकून तयार झाल्यावर काही मुली नोकरीसाठी बाहेर गेल्या, काहींची लग्ने झाली, काही मुक्तीतच राहून काम करू लागल्या. मुलगी बाहेर पडली की तिच्याजवळ तीन गोष्टी असाव्यात, असे या कामावरून दिसते. तिला अक्षर यावे, हाताला काम असावे आणि अडचणीच्या वेळी आपले म्हणावे असे माणूस असावे. सोळा वर्षांच्या रमेजवळ यातली पहिली गोष्ट होती. दुसरी नव्हती. तिसऱ्या गोष्टीसाठी एकच भाऊ होता, तोही मागे राहिला नाही.

रमाबाईंच्या कामाबद्दल सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. मनोरमा शिकून आईच्या कामात उजवा हात बनली होती. पण १९२१ मध्ये तिचे निधन झाले. म्हातारपणी रमाबाईंना हा घाव सोसावा लागला. त्या खचल्या नाहीत. हातातले भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

रमाबाईंनी ओळखलेला प्रश्न आजही संपलेला नाही. मुलांच्या संरक्षणासाठी २०१५ साली केलेल्या कायद्यानुसार बालगृहातील मुलाला अठरा वर्षे पुरी झाल्यावर बालगृह सोडावे लागते. मात्र त्याच कायद्यात पुढच्या मदतीचीही सोय आहे. अशा मुलामुलींना साधारण एकवीस वर्षांपर्यंत राहण्यासाठी, शिकण्यासाठी आणि काम शोधण्यासाठी आधार देता येतो. त्यांच्या राहण्याच्या जागेला अनुरक्षणगृह म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षणही ठेवले आहे. तरी कायद्याने सगळे होत नाही. अठरा वर्षांचा मुलगा बालगृहातून निघून मुंब्र्याला किंवा डोंबिवलीला भाड्याची खोली शोधू लागला, तर घरमालक आधी ओळखीचा माणूस मागतो. नोकरीच्या अर्जात कायमचा पत्ता लिहावा लागतो. बँकेत खाते कसे उघडावे, पगारातले पैसे महिनाभर कसे पुरवावेत, हे आपल्याला घरात बघून बघून समजते. त्याला ते कोणी तरी सांगावे लागते. ईदच्या किंवा दिवाळीच्या दिवशी कोणाच्या घरी जावे, हेही त्याला ठाऊक नसते.

विद्यार्थी मित्रांनो, कदाचित तुमच्याच वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांची कीव करू नका, कारण कीव कोणालाच आवडत नाही. त्यांच्याबरोबर अभ्यास करा, खेळा आणि शाळा सुटल्यावरही ती मैत्री टिकवा. पुढे तुमच्यापैकी कोणाचे दुकान असेल, कोणाचा कारखाना असेल, कोणाची भाड्याने द्यायची खोली असेल. त्या वेळी दारात असा एखादा तरुण येऊन उभा राहिला, तर केडगावच्या माळावरचा तो छापखाना आठवा. एकेक खिळा जुळवणाऱ्या त्या मुलींवर कोणी तरी विश्वास ठेवला होता, म्हणून त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

शब्दार्थ

छत्र – आधार, साया. गुजराण – उदरनिर्वाह, गुजारा. पटकी – कॉलरा, हैजा. निराधार – बेसहारा. शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा, तीमारदारी. खिळे – छपाईसाठी वापरायची धातूची अक्षरे. कीव – दया, तरस.

स्वाध्याय

१. विद्या असूनही रमाबाई आणि त्यांचा भाऊ यांना उपाशी का राहावे लागले?
२. रमाबाई अमेरिकेला कोणत्या कारणाने गेल्या?
३. मुक्तीमध्ये मुलींना कोणकोणती कामे शिकवली जात?
४. आश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलीजवळ कोणत्या तीन गोष्टी असाव्यात? तुमच्या मते त्यांतील सर्वांत महत्त्वाची कोणती? का?
५. बालगृहातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मित्राला तुम्ही कोणती मदत कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.